पंगतीतले पिस्तूल

गेल्या वैशाखातल्या एका लग्नाची हकीकत आधी सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडलो आहे ते वाचकांच्या ध्यानात येईल.

बेळगावात, शहापूर भागात, आमचे लहानसे मंगल कार्यालय आहे. वडिलांनी बांधले, मी चालवतो, आणि अलीकडे मुलगा त्यात हात घालू लागला आहे. त्या दिवशी दुपारची दुसरी पंगत बसली होती. वरपक्षाकडचे एक वजनदार पाहुणे (कोण, कुठले ते सांगत नाही, त्यांच्यासारखे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत) पानावर बसले. कोटाखाली कमरेला काहीतरी टोचू लागले म्हणून त्यांनी ते काढले आणि पानाच्या डाव्या अंगाला, मीठ-लिंबू वाढायचे असते तिथे, ठेवून दिले. ते पिस्तूल होते.

शेजारच्या पानावर सहा-सात वर्षांचा मुलगा बसला होता. मुलाने हात पुढे केला. दिवाळीत टिकल्या उडवणाऱ्या मुलाने जे करावे तेच त्याने केले. आमच्याकडे वीस वर्षे वाढायला येणारी अक्का भाताचे पातेले घेऊन समोरून येत होती. तिने पातेले खाली टाकले आणि त्याचा हात मनगटापाशी धरला. "केळग इडु, मगा," एवढेच म्हणाली. खाली ठेव, बाळा. पाहुणे हसले. "काही होत नाही अक्का, लॉक आहे. लायसनचं आहे," म्हणाले, आणि पिस्तूल परत कमरेला लावून जेवू लागले. पंगत पुढे चालली. जिलबीचा आग्रह झाला. सांडलेल्या भाताबद्दल मात्र वधूपित्याने माझ्याकडे तक्रार केली.

रात्री हिशेब करताना अक्काने मला विचारले, "मालक, हे चालतंय काय आपल्यात?" मी म्हणालो, "लायसन आहे की त्यांचं." ती काही बोलली नाही, पैसे मोजून पदराला बांधून गेली. पण तिचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. सरकार चालवून घेते का, असे तिने विचारले नव्हते. 'आपल्यात' चालते का, असे विचारले होते, म्हणजे या चार भिंतींत, जिथे ती भात वाढते. त्या प्रश्नाचे उत्तर कलेक्टर किंवा पोलीस कमिशनर देऊ शकत नाहीत. ते द्यायचे होते मी, आणि मी ते परवान्याच्या कागदावर ढकलून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी मी दारावर पाटी लावली. कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत. "परवान्याचे असले तरी कोणतेही शस्त्र घेऊन आत येऊ नये." बुकिंगच्या फॉर्मातही तसे एक कलम घातले. एवढ्यावर जे काही ऐकून घ्यावे लागले त्यासाठी हा लेख आहे.

आम्ही कार्यालयवाले महिन्या-दोन महिन्यांनी चहाला एकत्र बसतो. भांडी, आचारी, पाण्याचे टँकर, अॅडव्हान्स बुडवणारे लोक, हे आमचे विषय. त्या बैठकीत माझ्या पाटीची मनसोक्त थट्टा झाली. एकजण म्हणाले, "काय ओ, बेळगावचं चंबळ करालात की!" दुसरे म्हणाले, "ज्याला गोळी घालायची आहे तो पाटी वाचून घरी जाणार काय?" तिसरे जरा वडीलधारे. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले, "असली माणसं बोट घालून दाखवायची नसतात. धंदा आहे. डोळे झाकायचे." हा तिसरा सल्ला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वाईट. पण आधी दुसऱ्याकडे वळतो, कारण तो प्रश्न शहाणपणाचा वाटतो आणि जगभर तोच विचारला जातो.

जगभर म्हणतो ते उगाच नव्हे. माझी मुलगी टेक्सासात असते. २०१८ च्या थंडीत तिच्याकडे गेलो होतो. एका हॉटेलाच्या काचेच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत दाट मजकुराची मोठी पाटी पाहिली. मला वाटले, आपल्याकडच्यासारखा तिथेही पाट्यांचा भाषावाद असेल. जावई हसले. म्हणाले, "बाबा, ही ३०.०६ ची पाटी. आत पिस्तूल आणू नका म्हणून."

तिथली तऱ्हा अशी. १९९५ साली टेक्सासने लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने द्यायचा कायदा केला आणि १९९६ च्या जानेवारीपासून लोक कोटाखाली पिस्तूल घेऊन रीतसर हिंडू लागले. मग दुकानदारांनी काय करायचे? त्यासाठी १९९७ साली दंडसंहितेत ३०.०६ हे कलम आले. मालकाला नको असेल तर त्याने पाटी लावावी. मजकूर कायद्याने ठरवून दिलेला, त्यात कानामात्रेचा फरक नको. भाषा दोन, अक्षर किमान एक इंच उंचीचे, रंग उठून दिसणारा. पाटी ओलांडून आत आला तर दंड, आणि तोंडी सांगूनही बाहेर गेला नाही तर गुन्हा मोठा. पुढे २०१६ पासून उघड कमरेला लावून हिंडायची मुभा आली तेव्हा तिच्यासाठी ३०.०७ ही निराळी पाटी आली. ज्या बारचे निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के वा जास्त, उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचे असते त्याच्या दारावर लाल रंगात ५१ हा आकडा. तिथे मनाई कायद्याचीच. आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून तर एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही. गंमत म्हणजे '३०-०६' हे बंदुकीच्या एका प्रसिद्ध काडतुसाचेही नाव आहे. योगायोग की विनोद, कोण जाणे!

तिथे आपल्याकडच्या एका माणसाच्या किराणा दुकानात मुलीबरोबर पोहे-चुरमुरे घ्यायला गेलो होतो. दारावर पाटी नव्हती. का नाही, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "काका, पाटी लावली तर गिऱ्हाईक जातं, आणि नाही लावली तर झोप जाते. गिऱ्हाईक नाही म्हणजे दुकानच नाही, म्हणून झोप सोडली." मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

कायदा करणाऱ्यांनी आपल्या डोक्यावरचे ओझे त्या दुकानदाराच्या डोक्यावर ठेवले, हे माझे पहिले म्हणणे. बंदूक बाळगणे हा तिथे राज्यघटनेतला हक्क, २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घराबाहेरही मानला. मग हक्काची आणि भीतीची गाठ जिथे पडते तो उंबरा कोणाचा? चहा विकणाऱ्याचा! हवाईने २०२३ साली उलट नियम केला, मालकाने 'आणा' म्हटले तरच आणायचे. त्यावरही लगेच कज्जे उभे राहिले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठमोठ्या कंपन्यांनीही यात शौर्य गाजवलेले नाही. कॉफी विकणाऱ्या स्टारबक्सच्या प्रमुखांनी २०१३ साली जाहीर पत्र काढले. त्यात गिऱ्हाइकांनी बंदुका आणू नयेत अशी विनंती होती आणि ही बंदी नव्हे असा खुलासाही होता. माझ्या पहिल्या पाटीवरही 'कृपया' होते. ते मी नंतर पुसले. चपला बाहेर काढा, हे आपण 'कृपया' म्हणून सांगतो ते ठीक आहे.

आता तो दुसरा प्रश्न. पाटी वाचून खुनी थांबतो काय? नाही थांबत. इथे मला एका बाईंबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर मी अर्धेच सांगितले असे होईल. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासातल्या किलीन गावी लुबीज नावाच्या खानावळीत एकाने काचेची खिडकी फोडून गाडी आत घातली आणि जेवणाऱ्या २३ जणांना गोळ्या घातल्या. सुझाना हप नावाच्या डॉक्टरीण बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचे रिव्हॉल्वर बाहेर गाडीत होते, कारण तेव्हाचा कायदा ते जवळ बाळगू देत नव्हता. वडील त्या माणसावर धावून गेले आणि पडले. बाई खिडकीतून बाहेर पडल्या. आई मागून येते आहे असे त्यांना वाटले. ती आली नव्हती. ती नवऱ्यापाशी जाऊन बसली होती, तिथेच तिला मारले. पुढे या बाई गावोगाव साक्षी देत फिरल्या, १९९६ साली टेक्सासच्या विधानसभेवर निवडून गेल्या. पर्स उघडून हात आत घातला आणि रिव्हॉल्वर गाडीत असल्याचे आठवले, हा त्यांचा क्षण ज्याने ऐकला त्याला माझ्या पाटीचे वजन एकदम कमी वाटेल. मलाही वाटले. त्या बाईंसमोर उभे राहून 'पाटी हवी' असे म्हणण्याची माझी हिंमत होणार नाही.

आणखी एक सांगतो. २०२२ च्या जुलैत इंडियाना राज्यात ग्रीनवुड गावच्या मॉलमध्ये एका हल्लेखोराने तिघांना मारले आणि त्याला तिथल्याच एका बावीस वर्षांच्या मुलाने जवळच्या पिस्तुलाने पाडले. त्या मॉलमध्ये शस्त्र आणायला मालकांची मनाई होती! तरी त्या मुलाचे त्यांनी कौतुकच केले, आणि करावेच लागणार. पण त्याआधीच्याच वर्षी, २०२१ च्या जूनमध्ये, कोलोरॅडोत अरवाडा गावी असाच एक भला माणूस दुकानातून धावत बाहेर आला, पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला त्याने लोळवले, आणि दुसऱ्या पोलिसाने त्यालाच खुनी समजून गोळी घातली. दोघेही शूर होते. एक जगला, एक गेला. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये २३ माणसे मेली, तेव्हा शेजारच्या मॉलमध्ये लष्करातला एक जवान होता, पिस्तूल जवळ, परवाना जवळ. त्याने काय केले? भेदरलेली परकी मुले उचलली आणि पळत बाहेर नेली. मला विचाराल तर त्या दिवशीचे सर्वांत शहाणे काम त्याने केले.

पण वाचकहो, माझ्या कार्यालयात किलीन घडणार आहे म्हणून तो पाहुणा पिस्तूल घेऊन आला होता का? आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तो सरकारने कारण पाहून दिलेला परवाना आहे. निवडणूक आली की बहुतेकांना ते पोलीस ठाण्यात जमाही करावे लागते. खानापूरच्या रानाकडेला रानडुकरे पीक लोळवतात म्हणून शेतकऱ्याकडे बंदूक असते, ती मला समजते. ती कोणी लग्नाला घेऊन येत नाही. लग्नाला येते ते सुनेचे सोने मिरवावे तसे मिरवायचे पिस्तूल. लपवलेले असते, पण ते लपवलेले आहे हे चार माणसांना कळेल इतपतच लपवलेले असते!

चंबळचा टोमणा मारला गेला म्हणून सांगतो. माझी आतेबहीण ग्वाल्हेरला दिली आहे. तिकडच्या आपल्या मराठी घरांतून परवान्याचे प्रस्थ ती नेहमी सांगते. २००८ साली ग्वाल्हेरशेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात, जो पुरुष नसबंदी करून घेईल त्याला बंदुकीच्या परवान्यात अग्रक्रम, अशी योजना निघाली होती. २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्याने आधी दहा झाडे लावून त्यांच्यासह फोटो दाखवावा असे काढले. झाडे लागली ही चांगलीच गोष्ट. पण ज्या वस्तूसाठी माणूस नसबंदीला तयार होतो ती जिवाच्या भीतीने हवी असते की मिशीला पीळ म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे. उत्तरेत वरातीत बार काढतात, छतातून, झुंबरातून गोळ्या जातात. २०१६ च्या डिसेंबरात पंजाबात भटिंडा जिल्ह्यात लग्नसमारंभात स्टेजवर नाचणारी तरुण मुलगी अशाच गोळीने गेली. पोटासाठी नाचत होती. अखेर २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नकार्यात, देवळात, जमावात आनंदाने बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे. म्हणजे मी पाटी लावण्याआधीच दिल्लीला लग्नाच्या मांडवातली बंदूक दिसली होती. आमच्या चहाच्या बैठकीला अजून दिसायची आहे.

"हे उत्तरेचं झालं, आपल्यात असं नसतं," असे म्हणणाऱ्यांना मी वैशाखातले पान दाखवतो.

आणि दिल्लीचेच दुसरे उदाहरण. १९९९ च्या एप्रिलअखेर मेहरौलीतल्या एका रेस्टॉरंटात मध्यरात्रीनंतर दारू द्यायला नकार दिला म्हणून जेसिका लालला गोळी घातली गेली. बार बंद झाला होता, एवढेच ती म्हणाली होती. मारणारा पुढाऱ्याचा मुलगा. ते पिस्तूल पोलिसांच्या हाती कधी लागलेच नाही. २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटला, देश खवळला, डिसेंबरात हायकोर्टाने जन्मठेप दिली, २०१० साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. हे सगळे आपल्या लक्षात आहे. आपण विसरतो ते हे, की ती तिथे पेले भरायला उभी होती. जाहिरातीतला चेहरा असेल, त्या रात्री ती वाढपीण होती.

म्हणून 'मालकाची मर्जी' या शब्दावर माझा राग आहे. टेक्सासात काय, बेळगावात काय, सगळा वाद मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात चालतो. मालक म्हणतो, माझी जागा. गिऱ्हाईक म्हणतो, माझा परवाना. आणि पातेले घेऊन त्या दोघांच्या मधून जो चालतो, त्याला कोणी विचारत नाही. मी गल्ल्यावर बसतो, गल्ला दारापाशी आहे. पिस्तूल ठेवलेल्या पानावर वाकून तूप वाढायची वेळ माझ्यावर कधीच येणार नाही. ती अक्कावर येते. तिच्या मनगटाने त्या दिवशी माझे कार्यालय वाचवले आणि मी तिला कायदा सांगितला.

पाटी खुन्यासाठी नाहीच. ती लायसनवाल्यासाठी आहे. मी कायदा पाळणारा माणूस आहे, असे तो छाती ठोकून सांगतो ना? मग पाटी वाचून तो ते घरी ठेवील. आणि वाचूनही जो आणील, तो आपण कसले कायदा पाळणारे आहोत ते स्वतःच सांगून जाईल. पाटी लागल्यापासून अक्का, आचारी, मांडववाल्याचा पोरगा, कोणीही म्हणू शकतो, "साहेब, पाटी बघा की." परवा-परवापर्यंत असे म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता, कारण मालकच डोळे झाकून बसला होता.

एक चूक मात्र माझीही झाली, ती सांगतो, म्हणजे दुसरे कोणी करणार नाहीत. ज्याने आणलेच आहे त्याने ऑफिसात द्यावे, मी कपाटात कुलपात ठेवीन आणि जाताना परत देईन, असे मी आधी ठरवले होते. चपलांना टोकन देतात तसे. ओळखीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "परवाना त्यांच्या नावाचा, आणि शस्त्र तुमच्या कपाटात. पोलीस आले तर विनापरवाना शस्त्र बाळगलं म्हणून तुम्ही आत!" शस्त्र ठेवायचे तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. मंगल कार्यालय त्यात बसत नाही. म्हणून आता सरळ लिहिले आहे, घरी ठेवून या. झडती मी घेत नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्याची कंबर चाचपणे मला जमणार नाही, आणि माझ्या दारात ते शोभणारही नाही.

किंमत मोजली का, असे विचाराल, तर मोजली. मार्गशीर्षातले एक मोठे बुकिंग गेले. फॉर्मातले कलम वाचून ते गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडचे चार पाहुणे असे आहेत, त्यांना मी कसं सांगू?" मी म्हणालो, तुम्ही सांगू नका, पाटी सांगेल. त्यांनी अॅडव्हान्स परत मागितला आणि मी दिला. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचेही चुकत नाही. छताचे कर्ज त्याच्या नावावर आहे. तो म्हणतो, सगळ्या कार्यालयवाल्यांनी मिळून लावली तर आपणही लावू, एकट्याने शहाणपणा कशाला? मी तेच म्हणतो आहे. सगळ्यांनी मिळून लावा. तो किराणावाला एकटा होता म्हणून त्याला झोप सोडावी लागली. आपण शहरात कार्यालयवाले काही थोडेथोडके नाही. भांड्यांचे दर आपण एका चहात ठरवतो. हे का ठरत नाही? गिऱ्हाईक जाईल कुठे? लग्न तर करावेच लागणार!

अजून ठरलेले नाही. पुढच्या चहाला पुन्हा विषय काढणार आहे. वडीलधारे पुन्हा डोळे झाकायला सांगतील, त्यांच्या समोर त्या मुलाचे वय सांगणार आहे.

जाता जाता पाटीची गंमत. पावसाळ्यात रंग गेला म्हणून परवा पेंटरला बोलावले. तो म्हणाला, "अण्णा, आता साठ टक्के कन्नड लागतंय, वर." तो नियम दुकानाच्या नावाच्या पाटीचा आहे, हिचा नव्हे, असे मी म्हणून पाहिले. "धोका कशाला?" म्हणाला. बरे, लिही वर कन्नड, खाली मराठी. पाटीच्या भाषेवरून या गावात काय काय झाले आहे ते तुम्हांला मी सांगायला नको. पण या एका पाटीत वरचे आणि खालचे सारखेच बोलतात, म्हणून मी वाद घातला नाही. अक्का बाजूला उभी राहून बघत होती. सगळे लिहून झाल्यावर म्हणाली, "मला दोन्हीतलं येत नाही. चित्र काढा की." पेंटरने पिस्तूल काढून त्यावर लाल काट मारली. ते थोडे सुताराच्या ड्रिलसारखे दिसते. काल मांडववाल्याचा पोरगा खांब ठोकायला ड्रिल घेऊन आला आणि आत येऊ का, म्हणून दारातच उभा राहिला.